निपाणी ते कागल: जागरणाची सवय असलेल्या एका रायडरचं प्रकरण

साताऱ्यातून सुटणाऱ्या ६०० किलोमीटरच्या एका ब्रेव्हेमध्ये, म्हणजे लांब पल्ल्याच्या सायकल राइडमध्ये, जानेवारीत घडलेलं हे प्रकरण आहे. रायडर सांगली जिल्ह्यातला, वाळवा तालुक्याच्या बाजूचा, वय ४३, साखर कारखान्यात शिफ्ट केमिस्ट. त्याच्या परवानगीने लिहितोय, नाव त्यानेच गाळायला सांगितलं, ग्रुपमध्ये सगळे त्याला केमिस्ट म्हणतात तर इथेही तेच ठेवतो. मी त्या राइडला साताऱ्यात फिनिशवर व्हॉलंटिअर होतो, त्यामुळे फोन, लोकेशन, वेळा सगळं माझ्यासमोर होतं आणि नंतर त्याच्या जीपीएसची फाइल आम्ही दोघांनी बसून मिनिटामिनिटाने तपासली. अपघात झाला नाही, हाड मोडलं नाही, साधं खरचटलंही नाही, तरी मला हे फार गंभीर प्रकरण वाटतं आणि ते का हे सांगायलाच एवढं लांब लिहितोय.

ज्यांना ब्रेव्हे माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळेत पार करायचं, २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तास. मूळ पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबचं, आपल्याकडे ऑडॅक्स इंडियामार्फत चालतं. वाटेत कंट्रोल असतात, तिथे कार्डावर वेळ आणि शिक्का, आणि प्रत्येक कंट्रोल बंद व्हायचीही वेळ ठरलेली असते. मदतीची गाडी मागे ठेवता येत नाही, पंक्चर स्वतः काढा, जेवण स्वतः शोधा. हेल्मेट, पुढचा-मागचा लाइट आणि रात्री रिफ्लेक्टिव्ह जॅकेट पाहिजेच. आणि मुख्य म्हणजे ही रेस नाही, पहिला-दुसरा नंबर नसतो, ३० तासांत आलेला आणि ३९ तास ५५ मिनिटांत आलेला दोघंही सारखेच. एका सीझनमध्ये, म्हणजे नोव्हेंबर ते ऑक्टोबर, २००, ३००, ४०० आणि ६०० चारही केले की सुपर रँडोनिअर म्हणतात, आपल्या भाषेत एसआर. केमिस्टचे पहिले तीन झाले होते, फक्त ६०० राहिला होता.

माणूस

केमिस्ट सायकलवर आला तो वजन कमी करायला वगैरे नाही. तो सडपातळच होता. त्याला ओढ होती ती स्वतःला ताणून बघायची. कारखान्यात दर तासाला रसाचा ब्रिक्स (रसात किती साखर-घटक विरघळलेत त्याचं माप) घ्यायचा, पीएच बघायचा, रजिस्टरला लिहायचा, त्याच्या आकड्यावर पुढचं सगळं चालतं. एकदा यवतेश्वरच्या घाटात चढताना मला म्हणाला, "भावा, दिवसभर दुसऱ्याचं माप घेतो मी, माझं माप कोण घेणार?" ते मला तेव्हाही पटलं होतं आणि आजही पटतं. ज्यांना हे वेड लागलेलं नाही त्यांना वाटतं की ही माणसं स्वतःला उगाच त्रास करून घेतात. तसं नसतं. चाळिशीतल्या माणसाला नोकरीत, घरात आपण नेमके केवढे आहोत हे कळायची जागाच उरत नाही, बढती सिनिऑरिटीने होते, पगार कराराने वाढतो. सायकलवर २५० किलोमीटरनंतर मात्र जे उरतं ते फक्त तुमचं असतं. हे खरं आहे आणि ही ओढ मला मोलाची वाटते, त्यामुळे हे लिहिण्यात कुणाला घरी बसवायचा हेतू अजिबात नाही.

त्याच्या मोबाइलवर नाशिकच्या डॉक्टर महाजन बंधूंचा फोटो होता, २०१५ मध्ये दोघांच्या टीमने रेस अक्रॉस अमेरिका पूर्ण केलेल्यांचा, आणि श्रीनिवास गोकुलनाथ यांचा, जे २०१७ मध्ये ती रेस एकट्याने पूर्ण करणारे पहिले भारतीय ठरले. त्याच वर्षी नागपूरच्या डॉक्टर अमित समर्थ यांनीही ती केली. सुमारे ४८०० किलोमीटर, एकट्याला १२ दिवस, म्हणजे रोज ४०० किलोमीटर. ती माणसं दिवसाला किती कमी झोपतात हे केमिस्टला तोंडपाठ होतं. त्यांच्या मागे रात्रभर गाडी असते, गाडीत माणसं असतात, रायडरचं बोलणं जरा तिरकं गेलं की त्याला उतरवून झोपवायचं काम तीच माणसं करतात, हा भाग मात्र त्याच्या हिशेबात कधी आला नाही. आमच्यापैकी बऱ्याच जणांच्या येत नाही.

आता कारखान्याचं. गळीत हंगाम नोव्हेंबरला पेटतो आणि मार्चपर्यंत चालतो, आणि आपल्याकडे ब्रेव्हेचा खरा सीझनही तोच, थंडीचा. म्हणजे ज्या महिन्यांत राइड आहेत त्याच महिन्यांत याच्या पाळ्या फिरत असतात. त्या आठवड्यात त्याला रात्रपाळी होती. दिवसा घरात पोरांची शाळा, कुकरच्या शिट्ट्या, शेजारी बांधकाम, सलग झोप जेमतेम चार-साडेचार तास. शुक्रवारी सकाळी पाळी संपवून घरी आला, दुपारी तीन तास पडला, संध्याकाळी सायकल गाडीत टाकून साताऱ्याला, रात्री जेवून साडेअकराला आडवा, पहाटे चारला उठला. मी स्टार्टला विचारलं की झोप झाली का, तर हसला, "मला जागरणाची सवय आहे भावा. हंगामात आमची रात्र म्हणजे दिवसच असतोय की."

हे वाक्य लक्षात ठेवा. त्याच्या ४०० च्या राइडने हे वाक्य पक्कं केलं होतं. तेव्हा पहाटे सहाला निघून मध्यरात्रीनंतर तीनला, म्हणजे २१ तासांत, एक मिनिट न झोपता तो परत आला होता आणि ग्रुपवर कौतुकाचा पाऊस पडला होता. फरक एवढाच होता की तो आठवडा त्याला दिवसपाळीचा होता. हा फरक तेव्हा कुणी बघितला नाही, कारण राइड पूर्ण झाली होती आणि पूर्ण झालेल्या राइडचं कुणी पोस्टमॉर्टेम करत नाही.

शनिवार

रूट सरळ होता, सातारा ते धारवाड आणि परत, सगळा पुणे-बंगळूर हायवे. शनिवारी सकाळी सहाला पोवई नाक्यावरून सुटले. केमिस्ट कऱ्हाडला आठच्या सुमारास, कोल्हापूरला ११ वाजून १० मिनिटांनी, बेळगावला सव्वाचारला. तवंदीचा घाट मस्त चढला. खाणंही दिवसभर व्यवस्थित, पेठ नाक्याला इडली, नंतर केळी, शेंगदाण्याची चिक्की, मीठ-लिंबाचं पाणी. धारवाडच्या कंट्रोलला तो ७ वाजून ४० मिनिटांनी पोचला, म्हणजे ३०५ किलोमीटर १३ तास ४० मिनिटांत. कंट्रोल बंद होणार होता रात्री दोन वाजून वीस मिनिटांनी. त्याच्या खिशात साडेसहा तासांहून जास्त वेळ होता.

इथेच सगळं ठरलं असं माझं मत आहे. समोर लॉज होता, दोन रायडर तिथे झोपायला गेले, त्यांनी यालाही बोलावलं. तीन तास झोपला असता तरी अकरा-सव्वाअकराला निघाला असता आणि रविवारी दुपारी आरामात साताऱ्यात आला असता. पण याच्या डोक्यात ३० तासांच्या आत संपवायचं बसलं होतं. हा आकडा नियमात कुठेच नाही, कुणी विचारणार नव्हतं, कार्डावर त्याचं काही बक्षीस नव्हतं. ३५ मिनिटं थांबून, थोडा दहीभात आणि दोन केळी खाऊन तो सव्वाआठला परत फिरला.

या खेळाच्या मुळातच न झोपण्याचं कौतुक भिनलेलं आहे. १८९१ साली पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस पहिल्यांदा झाली, १२०० किलोमीटर, तेव्हा ती खरीखुरी रेस होती, आणि चार्ल्स टेरॉन जिंकला तो न झोपता, ७१ तास २२ मिनिटांत, पुढे असलेला प्रतिस्पर्धी झोपला असताना त्याला मागे टाकून. सव्वाशे वर्षांनंतरही ही गोष्ट आम्ही एकमेकांना डोळे चमकवत सांगतो. आज तीच राइड ९० तासांत करायची असते, कंट्रोलच्या हॉलमध्ये शेकडो माणसं जमिनीवर पसरलेली असतात, रस्त्याकडेच्या गवतात फॉइल पांघरून झोपलेली असतात, आणि ती सगळी पूर्ण करून मेडल घेऊन जातात. त्यांची गोष्ट आम्ही सांगत नाही.

रात्र

बेळगावला बारा वाजून वीस मिनिटं. इथे त्याने फक्त काळी कॉफी घेतली, पोटात काही जात नव्हतं, बिस्किट तोंडात घोळत राहायचं. इथून पुढे साडेचार तास त्याने काहीच खाल्लं नाही, चहा आणि पाणी सोडून. संकेश्वरला दोन पन्नास. दोन्ही हातांची करंगळी आणि शेजारचं बोट बधिर झालेलं, पुढचा गिअर टाकताना बोट नेमकं कुठे आहे ते बघावं लागायचं. तळहाताच्या कडेला नस दबली की हे होतं, लांबच्या राइडमध्ये कॉमन आहे. पण हायवेवर रात्री ब्रेकवरची पकड कमी झाली आहे ही साधी गोष्ट नाही. त्याने ग्रुपवर मेसेज टाकला, "बोटं झोपली, मी नाही झोपणार." पहाटे तीन वाजताही त्याला दणादण अंगठे आणि आगीच्या इमोजी आल्या. ते पाठवणारे सगळे आपापल्या गादीवर होते.

निपाणीला चार वाजून दहा मिनिटं, ४५० किलोमीटर. हा कंट्रोल दुपारी बाराला बंद होणार होता. म्हणजे पावणेआठ तास शिल्लक, आणि समोर ढाब्यावर खाट रिकामी. कार्डावर शिक्का मारणाऱ्या पोराने नंतर सांगितलं की हे साहेब पाच मिनिटं नुसते उभे होते, मग मला म्हणाले, "रजिस्टर कुठाय?" पोराला वाटलं कार्डाचं विचारताहेत.

पुढचं आता जीपीएस आणि इतरांच्या सांगण्यावरून, कारण केमिस्टला निपाणीनंतरचं काहीही आठवत नाही. स्पीड आधी २२-२३ होता तो १४ वर आला, रेघ सरळ न जाता डावी-उजवीकडे झुलत गेलेली दिसते. कोगनोळीचा टोलनाका ओलांडला. हंगामात या पट्ट्यात पहाटे काय असतं ते इकडच्या माणसाला सांगायला नको, उसाचे ट्रॅक्टर, मागे दोन-दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी लोंबतोय, मागे धड लाइट नाही, आणि टेपवर फुल आवाजात गाणी. त्याच्या पुढे असेच तीन ट्रॅक्टर लागले. ते हायवे सोडून डावीकडे कागलकडच्या एका साखर कारखान्याच्या रस्त्याला वळले, आणि केमिस्टही त्यांच्या मागोमाग वळला.

तो ट्रॅक्टरच्या मागून केनयार्डापर्यंत, म्हणजे उसाच्या गाड्या थांबतात त्या आवारापर्यंत गेला, वजनकाट्याजवळ सायकल लावली, गेटवरच्या वॉचमनकडे गेला आणि हजेरीचं रजिस्टर मागितलं. उशीर झाला म्हणून माफीही मागितली. अंगात जॅकेट, डोक्यावर हेल्मेट, हेल्मेटवर लाइट पेटलेला. वॉचमन वयस्कर, त्याने मला नंतर फोनवर सांगितलं ते असं, "मला वाटलं पिऊन आलाय. पण वास येत नव्हता ओ. डोळं उघडं पण माणूस आत न्हाई." त्या मामांनी त्याला केबिनमध्ये बसवलं, चहा दिला, गुळाचा खडा आणि मूठभर शेंगदाणे हातावर ठेवले, स्वतःचं घोंगडं अंगावर टाकलं. पाच-वीसला केमिस्ट खुर्चीतच झोपला.

इकडे मला पाच वाजता त्याचं लाइव्ह लोकेशन रूटच्या बाहेर दिसलं, आधी वाटलं चहाला आत गेला असेल. फोन लावत राहिलो, शेवटी मामांनी उचलला. मग मी वहिनींना, म्हणजे केमिस्टच्या बायकोला, फोन केला.

पुढे जायचं का

केमिस्ट आठ-चाळीसला जागा झाला. सव्वातीन तास झोप, चहा, कुणीतरी आणून दिलेले पोहे, तोंड धुतलं, पाय ठणठणीत. मला फोन केला तो एकदम ताज्या आवाजात, "भावा, १४० राहिलंय आणि १३ तास आहेत. निघतो." नियमाने तो निघू शकत होता. जिथून रूट सोडला तिथे परत जाऊन पुढे चालू लागायचं, बस. त्याला थांबवायचा अधिकार मला नव्हता.

मी तीन प्रश्न विचारले. आज वार कुठला, पुढचा कंट्रोल किती लांब, आणि निपाणीहून इथे कसा आलास. पहिल्या दोनची उत्तरं बरोबर आली. तिसऱ्याला बराच वेळ गेला आणि मग, "ते नाही सांगता येत." मी म्हटलं, मग माझं मत थांब. तो चिडला. म्हणाला झोप झालीय आता, त्यासाठीच झोपलो ना. त्याचं म्हणणं अगदी चूक होतं असंही नाही, सव्वातीन तासांत माणूस खरंच बराच सावरतो, आणि दिवस उजाडला की शरीर स्वतःहूनही जागं होतं. पण हात अजून बधिर होते. आठवडाभराची थकीत झोप सव्वातीन तासांत फिटत नाही. पुढे कोल्हापूर ते कऱ्हाड रविवारची गर्दी, कामामुळे जागोजाग डायव्हर्जन, आणि ऊन.

वहिनी लाइनवर होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही नका सांगू, त्यांचं त्यांना ठरवू द्या. फक्त आज रात्री पाळीला जायचंय का नाही तेवढं विचारा." रविवारी रात्री त्याची पाळी होती, बदली मिळाली नव्हती. सायकल संपवून रात्री आठला साताऱ्यात, तिथून गाडीने घरी आणि मध्यरात्री कारखान्यात, असा याचा प्लॅन होता आणि तो आम्हाला कुणाला माहीतच नव्हता. बॉयलर चालू, साखर शिजवायचे पॅन चालू, आणि रीडिंग घेणारा माणूस दोन रात्री जागलेला. फोनवर गप्प झाला. मग म्हणाला, "थांबतो." अकरा वाजता कोल्हापूरहून मित्र टेम्पो घेऊन गेला. कार्डावर डीएनएफ, म्हणजे राइड अपूर्ण.

ग्रुपवर पुढचे दोन दिवस जे चाललं ते वाचून मला राग आला, अजून आहे. १३ तास हातात असताना सोडलं, मानसिक ताकद कमी पडली, घरच्यांना फोन करायलाच नको होता. म्हणजे वहिनींवरसुद्धा घसरले. या लोकांना मला एकच विचारायचंय, की साडेचारच्या अंधारात दोन ट्रॉल्यांच्या मागे जो माणूस चालला होता त्याच्यात मानसिक ताकद कमी होती का जास्त? जास्तच होती. नको तितकी.

सोमवारी सांगलीत डॉक्टरांनी तपासलं. सोडियम नॉर्मल. हे बघणं गरजेचं होतं, कारण लांबच्या राइडमध्ये नुसतं साधं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम १३५ च्या खाली उतरतं आणि त्यानेही माणूस असाच बरळतो, आणि त्यावर आणखी पाणी पाजणं धोक्याचं असतं. सीपीके, म्हणजे स्नायूंवर ताण आला की रक्तात उतरणारं एन्झाइम, वाढलेलं, ते एवढ्या मेहनतीनंतर वाढतंच. बोटांची बधिरता तीन आठवड्यांनी गेली. डॉक्टरांच्या मते मुख्य कारण झोप, आणि त्यात साडेचार तासांचा उपास. स्नायू आणि लिव्हरमध्ये मिळून ग्लायकोजेनचा, म्हणजे राखून ठेवलेल्या साखरेचा, साठा साधारण ४००-५०० ग्रॅम, तो असा संपत आलेला असताना मेंदूलाही साखरेची ओढाताण होते.

झोपेचे आकडे मी केमिस्टला दाखवले, कारण त्याला आकडेच पटतात. सलग २४ तास जागा असलेल्या माणसाची हातांची आणि लक्षाची कामगिरी रक्तात ०.१० टक्के अल्कोहोल असल्यासारखी होते, असं १९९७ च्या एका अभ्यासात मोजलेलं आहे. आपल्या कायद्यात गाडी चालवायला मर्यादा आहे १०० मिलीलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. केमिस्ट शनिवारी पहाटे चारला उठला होता, रविवारी साडेचारला साडेचोवीस तास झाले. मामांना वाटलं पिऊन आलाय, ते फार चुकले नव्हते. त्यात पहाटे दोन ते सहा ही वेळ अशी की शरीराचं घड्याळच तळाला असतं, रात्रपाळीवाल्यांचंसुद्धा, कारण सुट्टीच्या दिवशी ते परत दिवसाच्या माणसांसारखे जगतात. रात्रपाळीने जागं राहायची सवय होते हा समज आहे. सवय होते ती झोप आलेली न जाणवण्याची, आणि सायकलवर तीच घातक.

बास म्हणणारे दोन आवाज

मला या प्रकरणातून जे दिसलं ते असं आहे. लांब पल्ल्यात शरीर दोन वेगवेगळ्या प्रकारे बास म्हणतं, आणि आम्ही दोन्हींना एकच समजतो.

पहिला आवाज लवकर येतो आणि बऱ्याचदा वेळेच्या आधी येतो. १५० किलोमीटरला मांड्या भरून येणं, घाटात सोडून द्यावंसं वाटणं, कंटाळा, रडू. मेंदू राखून खेळतो. बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी २००४ मध्ये सायकलपटूंना तासाभराच्या टाइम ट्रायलमध्ये माल्टोडेक्स्ट्रिनचं (स्टार्चपासून बनवलेल्या कर्बोदकाचं) पाणी फक्त चूळ भरून थुंकायला लावलं, पोटात थेंब नाही, तरी कामगिरी जवळजवळ तीन टक्क्यांनी सुधारली. म्हणजे स्नायूंना काहीच मिळालं नव्हतं, मेंदूला फक्त खबर लागली की साखर येतेय आणि त्याने हात सैल सोडला. या आवाजाशी घासाघीस करता येते, केलीच पाहिजे, या खेळाची सगळी मजा तिथेच आहे आणि केमिस्टने दोन वर्षांत त्यात खूप कमावलं होतं.

दुसरा आवाज वेगळा. डोळे उघडे ठेवून दोन-तीन सेकंद गायब होणं, शब्द चुकणं, नसलेलं ऐकू येणं, आत्ता केलेलं न आठवणं. हा मोठा नसतो, दुखत नाही, उलट बरं वाटतं. निपाणीच्या ढाब्यावर "रजिस्टर कुठाय" म्हणणारा केमिस्ट मजेत होता, पोराच्या सांगण्याप्रमाणे हसत होता. पहिल्या आवाजाला गप्प बसवायची ज्याला जितकी जास्त प्रॅक्टिस, त्याला हा दुसरा तितका कमी ऐकू येतो. म्हणून मला नवशिक्याची कमी आणि पोचलेल्या रायडरची जास्त काळजी वाटते. नवशिक्या निपाणीला रडून झोपला असता.

आणि यात सगळ्यात वाईट वाटणारी गोष्ट. केमिस्ट आपली हद्द कुठाय हे बघायला निघाला होता. त्या रात्री ती त्याने खरोखर गाठली, ओलांडलीसुद्धा, पण ओलांडताना तो स्वतः तिथे हजरच नव्हता. जे बघायला दोन वर्षं तयारी केली ते वॉचमनमामांनी बघितलं, याला ऐकीव माहिती आहे. त्याला हे असं बोललो तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला की डीएनएफपेक्षा हे जास्त लागतंय.

त्यानंतर

त्याने स्वतःसाठी काही गोष्टी ठरवल्या. ३० तासांचा आकडा काढून टाकला. ३०० च्या पुढच्या कुठल्याही राइडच्या आधीचे सात दिवस रात्रपाळी नको, आणि ते जमत नसेल तर स्टार्टला जायचं नाही. ६०० मध्ये धारवाडला कितीही ताजं वाटलं तरी तीन तास आडवं व्हायचं, झोप येवो न येवो. दर अर्ध्या तासाला घड्याळ वाजवून खायचं, गोड जात नाही तेव्हा खारे दाणे, मीठ लावलेला उकडलेला बटाटा, भडंग. हँडलबारला दुहेरी टेप, आणि सांगलीत सायकल अंगाच्या मापाला बसवून (फिटिंग) घेतली तेव्हा कळलं की सॅडलचं नाक जास्तच खाली झुकलेलं होतं, म्हणून सगळा भार हातावर येत होता.

एक नियम मला फार आवडला आणि आता आम्ही तो ग्रुपमध्ये बाकीच्यांनाही लावलाय. रात्रीच्या प्रत्येक कंट्रोलला कुणालातरी फोन करायचा आणि मागच्या वीस किलोमीटरमध्ये काय-काय लागलं ते सांगायचं. पूल, टोल, पेट्रोल पंप, कुत्री, काहीही. सांगता आलं तर पुढे. अडखळलं तर तिथेच झोपायचं, आणि हा निर्णय फोनवरच्या माणसाचा, सायकलवरच्याचा नाही. केमिस्टने त्यासाठी वहिनींचा नंबर दिलाय. फोनवर राहणाऱ्यांना मी एवढंच सांगतो की बरा आहेस का असं विचारू नका, त्याचं उत्तर कायम हो असंच येतं, रस्त्याबद्दल विचारा.

फेब्रुवारीत दुसरी एक ६०० होती. याचं नाव लिस्टमध्ये होतं, फी भरलेली. बुधवारी मेसेज आला, "पाळी बदलून नाही मिळाली. रात्रपाळीच आहे. येत नाही." खाली कुणीतरी लिहिलं की ये की रे, एवढं काय, मागच्या वेळचं टेन्शन घेऊ नकोस. त्याने उत्तर दिलं नाही आणि शनिवारी आला नाही.

सप्टेंबरमध्ये कारखाना बंद असतो, ओव्हरहॉलिंग चालू असतं आणि सगळ्यांना दिवसपाळीच असते. त्या महिन्यातल्या ६०० ला त्याने नाव दिलंय, पाऊस असेल, वारं तोंडावर असेल, रूट तोच. सीझन ऑक्टोबरअखेर संपतो म्हणजे एसआर अजून शक्य आहे. धारवाडचा लॉज त्याने आत्ताच बुक केलाय, अ‍ॅडव्हान्स भरून.